जोडीचा शब्द

जोडीचा धडा पुढच्या वर्षीपासून गाळायचा, असं मी नाताळच्या सुट्टीतच ठरवून टाकलं होतं. सव्वीस वर्षं शाळेच्या वरच्या वर्गांना ब्रिटन आणि अमेरिकेचं राजकारण शिकवतेय. या एका धड्याला पोरं दरवर्षी फिदीफिदी हसतात, आणि हल्ली शिकवताना मलाच माझं खरं वाटेनासं झालं होतं.

धडा तसा सोपा. आमच्या ब्रिटनच्या पार्लमेंटात एखाद्या खासदाराला मतदानाला येणं जमणार नसेल, म्हणजे बायको बाळंत व्हायचीय, बाप अत्यवस्थ आहे, तर समोरच्या बाकावरचा एकजण त्याच्यासाठी मुद्दाम गैरहजर राहतो. इकडचा एक कमी, तिकडचा एक कमी. याला म्हणायचं जोडी. कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही, नुसता दिलेला शब्द.

"आणि शब्द मोडला तर?" यंदा सप्टेंबरात विचारलं रूबेन सगडननं.

"काही नाही. पुन्हा तुझ्याशी कुणी जोडी लावणार नाही."

"बस्स? मग मोडायचा की, मिस!"

सगळा वर्ग खिदळला. या रूबेनचा मला रागच यायचा. मेंढपाळाचा पोरगा, अठरा वर्षांचा, शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा आणि तोंडाचा भोंगा तर दिवसभर चालूच. मी म्हटलं, "तुझं हे असंच राहायचं. अमेरिकेत जा. तिथं सगळं लिहून ठेवलंय, आणि लिहिलंय त्याचा अर्थ काय, यावर दोनशे वर्षं भांडतायत."

तरी सरावाला म्हणून मी पोरांच्या जोड्या लावल्या, वर्षभरासाठी. रूबेनच्या वाट्याला मुद्दाम केझाया बॅराक्लफ दिली, कारण दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. दोघांनी नाकं मुरडत हात मिळवला.

भांडण होतं शाळेच्या हॉलवरून. केझायाचा धाकटा भाऊ जोना अकरा वर्षांचा, दम्याचा. वरच्या गावांची पहिली बस सव्वासातला येते आणि शाळेचं दार उघडतं आठ वीसला. तोवर तीसेक चिल्लीपिल्ली फाटकाशी गारठत उभी. यॉर्कशरच्या डोंगरातला फेब्रुवारी म्हणजे हाडं फोडणारा. केझायाचा ठराव असा, की हॉल साडेसातला उघडा, पोरांना टोस्ट आणि गरम चहा द्या. पण सकाळी हॉलमध्ये बँडचा सराव असायचा आणि मार्चमध्ये स्पर्धा होती. बँडच्या बाजूचा म्होरक्या रूबेन.

मुख्याध्यापकांनी शब्द दिला होता, विद्यार्थी मंडळ ठरवेल ते मान्य. मंडळात तेवीस पोरं, हे दोघंही त्यातच, आणि सभापती मी. कोण कुठल्या बाजूला, ते आठवडाभर आधीच मोजून झालं होतं. टोस्टवाले बारा, बँडवाले अकरा. केझाया जिंकणार, एका मताने का होईना.

गुरुवारी मतदान तीनला जाहीर केलेलं. दोघंजण खेळाच्या तासावरून तीनलाच येणार होते, त्यामुळे आधी उरकायची सोय नव्हती. पावणेतीनला बाकीचे जमून बसलेले, तोच ऑफिसातल्या बाई धावत आल्या. जोनाला मैदानावर दम लागला, अँब्युलन्सनं नेलंय. आई निघालीय, पण पोरगा सारखा ताईला बोलावतोय.

केझाया उठली आणि पुन्हा बसली. चेहरा पांढराफटक.

"मिस, पंधराच मिनिटं. मत देऊन जाते."

"अगं, वेडी आहेस का? जा आधी!"

"पण मी गेले तर बरोबरी होईल."

बरोबरी! तिथंच घोडं अडलं होतं. अकराला अकरा झाले की मत माझं. अमेरिकेच्या सिनेटात बरोबरी झाली की उपाध्यक्ष मनाला येईल तिकडे मत टाकून मोकळा होतो. आमच्या सभापतीला ती मुभा नाही. त्यानं आहे तेच चालू ठेवायचं, नव्या गोष्टीला आपल्या एकट्याच्या मतानं पास करायचं नाही. म्हणजे हॉल बँडलाच. रोज गाडीतून उतरताना त्या पोरांची निळी पडलेली बोटं बघणारी मी, आणि मलाच त्यांच्याविरुद्ध मत द्यावं लागणार होतं. क्षणभर वाटलं, मसणात जाऊ दे तो रिवाज, कोण मला फासावर देणार आहे? पण सप्टेंबरात मीच हा नियम त्यांच्याकडून तीनदा लिहून घेतला होता.

हे रूबेनलाही ठाऊक होतं. त्यानं नुसतं जागेवर बसून राहायचं होतं. केझाया त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिनं पिशवी उचलली आणि डोळे पुसत दाराकडे निघाली.

मागून खुर्ची सरकली.

"मिस, मी पण निघालो," रूबेन म्हणाला. "जोडी आहे आमची."

"ए गद्दारा, बस खाली!" बँडवाले ओरडले. "जिंकतोय आपण!"

"जिंकत कुठे होतो? हरतच होतो, लेको. तिच्या भावाला दम लागला म्हणून जिंकायचं?"

मी खुळ्यासारखी विचारून बसले, "रूबेन, तुला कुणी भाग पाडलेलं नाही. तो सराव होता. कुठं लिहिलेलंही नाही."

"म्हणूनच तर, मिस. लिहिलेलं असतं तर कुणीही पाळलं असतं." मग केझायाला म्हणाला, "चल, गाडी आहे माझी. मेंढरांचा वास येतो, नाक धर."

दोघं गेले. तीनला मतं घेतली. अकरा विरुद्ध दहा, ठराव पास. संध्याकाळी केझायाचा निरोप आला, जोना ठीक आहे आणि हॉस्पिटलातल्या खिरीला नावं ठेवतोय.

पुढच्या सोमवारी मी मुद्दाम साडेसातलाच गेले. हॉलमध्ये दिवे लागलेले, टोस्टचा वास सुटलेला, जोना लोकरीची टोपी न काढताच खात बसलेला. आणि बाहेरून भसाड्या सुरांचा आवाज. सायकली ठेवायच्या पत्र्याच्या शेडखाली बँड सराव करत होता. रूबेनचे ओठ गारठून ट्रॉम्बोनला नीट लागत नव्हते.

केझाया हातात टोस्टची ताटली घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आत या सगळे. स्टेज रिकामं आहे."

"आणि खाली तुझी तीस माकडं कलकलाट करणार. स्पर्धेला तीन आठवडे राहिलेत, बाई."

"वाजवत असाल तोवर एकजण तोंड उघडणार नाही. मी बघते."

"लिहून देतेस?"

"नाही देत."

रूबेननं तिच्याकडे बघितलं, ताटलीतला एक टोस्ट तोंडात कोंबला, ट्रॉम्बोन काखेत मारला आणि बाकीच्यांना म्हणाला, "चला रे, आत."