भेंडाचा कारबन

आष्टीच्या आबारावांचा भुजंग हैदराबादेला कॉलेजात होता, आणि बाकी सगळ्यात पास होऊन एकट्या रसायनात आपटला होता. फेरपरीक्षा महिन्यावर आली होती. आबारावांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "या बारीला न्हाई जमलं तर घरी ये अन् औत धर."

भुजंगच्या बायकोला, तुळजाला, हे औताचं बोलणं ऐकून बरं वाटलं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी नवरा तिला सुट्टीपुरताच ठाऊक. नापास झाला तर तो कायमचा घरी राहणार होता. असं मनात येतं म्हणून ती स्वतःवरच चिडायची, पण यायचं ते येतच होतं.

भुजंगला मोठ्यानं बोलल्याशिवाय डोक्यात काही शिरत नसे. ओसरीवर पाटी मांडीवर घेऊन तो उर्दू पुस्तकातला सवाल वाचायचा आणि समोर दोर वळत बसलेल्या बापाला मराठीत समजावून सांगायचा. आबाराव न चुकता "बराबर" म्हणायचे. चूक असलं तरी बराबरच. असा शागीर्द मिळाला तर भल्या मास्तराचंही वाटोळं व्हायचं.

तुळजा मात्र आत चुलीपाशी कान देऊन असायची. सासूसासऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलायचं नाही, असा घरचा रिवाज होता. ऐकायला कुणाची मनाई नव्हती.

"कारबनला चार हात असतात, आबा," भुजंग सांगत होता. "दह्यातलं जे आंबट, त्यात मधी एक कारबन, अन् चार हातांत चार निरनिराळ्या चिजा. सवाल असा, की ही आकृती अन् आरशातली तिची आकृती, एकच का दोन?"

"बराबर."

"एकच. पाटीवरची ही उचलली अन् भाकरीवानी उलथली की ती दुसरी होती. मागच्या बारीला हेच लिहून आल्तो, तर नंबर कटले. पुस्तक म्हणून राह्यलं दोन, अन् दह्यात दोन्ही मिसळून राहतात म्हणं."

तुळजाच्या हातात त्या वेळी भाकरीच होती. तिच्या मनात आलं, चार हातांचं काही असलं तर ते परातीत थापल्यासारखं चपटं कसं असेल? ते उभं असणार.

दुपारी तिनं कडब्यातलं एक जाड धाट सोललं. आतल्या मऊ भेंडाच्या आणि वरच्या चोयांच्या बैलगाड्या ती लहानपणी करायची. तिनं भेंडाचा गोळा कापला, त्यात चार चोया खोचल्या. तीन पायांसारख्या खाली, एक वर. टोकांना भेंडाचेच तुकडे, एकाला कुंकू, एकाला हळद, एकाला काजळ, आणि एक पांढराच ठेवला. मग आरशासमोर ते धरून, आरशात दिसत होतं तसंच दुसरं केलं. आता एकावर एक बसवायला गेली, तर कुंकवावर कुंकू आणि हळदीवर हळद आली की काजळ आणि पांढरं उलटसुलट व्हायचं. तिनं अर्धा घंटा ते फिरवून पाहिलं. डावीकडच्या सवयीचा बैल उजवीकडं जुंपल्यावर अडतो, तसे ते दोघं अडले.

म्हणजे पुस्तक खरं होतं आणि नवरा चुकत होता. ही गोष्ट अख्ख्या घरात एकट्या तुळजाला ठाऊक होती.

तिनं ती जोडी कोनाड्यात चिमणीमागं लपवली. दाखवली तर तो पास होऊन निघून जाणार होता. चार दिवस ती कोनाड्याकडं न बघता वावरली. आपण वाईट आहोत असं तिला वाटत होतं, आणि तरी हात पुढं होत नव्हता.

पाचव्या दिवशी ती जोडी सासूच्या, कडूबाईंच्या, हाती लागली. सुनेनं रंगवलेली खेळणी, तीही लपवून ठेवलेली! त्यांनी घ्यायचा तो अर्थ घेतला आणि तरातरा ओसरीवर गेल्या.

"ऐकलं का, घरात पाळणा हलणार. सूनबाई आत्तापासून खेळणी करून राह्यली, अन् एक न्हाई, दोन."

आबाराव पहिल्यांदाच "बराबर" म्हणायचं विसरले. भुजंगचे कान लाल झाले. त्यानं पाटी बाजूला ठेवली.

"मंग आता शिकून तरी काय करायचं, आबा. तसंबी डोक्यात काही शिरत न्हाई. औतच धरतो."

दाराआड तुळजानं ते ऐकलं. तिला हवं होतं तेच तो बोलला होता. पण आवाज पार खचलेला होता, आणि खचलेला नवरा तिला घरात नको होता.

ती उंबऱ्याशी आली. पदर पुढं ओढला. "आत्याबाई, खेळणं न्हाई ते. दह्यातला कारबन हाय. त्यांना म्हणावं, पाटी उलथू नका. दोन्ही हातात घ्या अन् एकावर एक बसवून दावा."

भुजंगनं आईच्या हातातून ते दोन्ही घेतले, फिरवले, पुन्हा फिरवले, आणि हसायला लागला.

"बसत न्हाईत, आबा. दोन हायेत. बिलकुल दोन."

"बराबर," आबाराव म्हणाले, आणि या खेपेला ते खरंच बराबर होतं. कडूबाई तेवढ्या हिरमुसल्या. मनातल्या मनात त्यांनी नातवाची कुंची शिवायला घेतली होती.

पुढचे पंधरा दिवस रिवाज जरा ढिला पडला. भुजंग ओसरीवरून सवाल वाचायचा आणि तुळजा उंबऱ्याच्या आत बसून चोया खोचायची. एक चीज मागून येऊन कारबनला भिडते, पुढची सुटून जाते, तेव्हा उरलेले तीन हात वाऱ्यात छत्री उलटावी तसे उलटतात, हे तिनंच करून दाखवलं. दाखवताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं. आबाराव दोराकडं बघत राहिले.

परतूरला गाडी धरायला निघताना भुजंगनं जोडीतला एक रुमालात बांधून घेतला, दुसरा कोनाड्यात ठेवला. तुळजा त्या दिवशी जेवली नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलं.

दीड महिन्यानं कार्ड आलं. आबारावांनी ते ओसरीवर मोठ्यानं वाचलं.

"तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार. पास झालो. पुढचं साल सुरू झालं. कॉलेजाजवळ एक खोली मिळाली आहे. दह्यात ते दोघं सोबत असतात. इथं माझ्याकडं एकच आहे, त्याच्याकडं बघून करमत नाही. जोडीचा घेऊन तिला पाठवून द्या."

आबारावांनी कार्ड उलटून पाहिलं. "कशाची जोडी? काही उमजत न्हाई."

"तुम्हाला कधी काय उमजलंय," कडूबाई म्हणाल्या. "सूनबाई, बोचकं बांध."

तुळजानं ते ऐकलंच नाही. ती कोनाड्यापाशी उभी होती. कारबनचं कुंकू फिकं पडलं होतं, म्हणून ओल्या बोटानं ते पुन्हा लावत होती, आणि सासरा समोर आहे हे विसरून रडत होती.