बाहेरची रेघ

"अंगठी काढा, मावशी. आत मोठं लोहचुंबक आहे, अंगावर धातू चालत नाही," एमआरआयच्या खोलीबाहेरची मुलगी म्हणाली.

"निघत असती तर नवरा गेला तेव्हाच काढली असती," माझी धाकटी बहीण म्हणाली. "सहा वर्षं झाली, बोटच सोडत नाही तिला."

साबण झाला, तेल झालं. शेवटी कापावी लागली. ते तुकडे माझ्या मुठीत देऊन छोटी आत गेली आणि मी बाकावर रागाने धुमसत बसले. तो राग अजून ओसरलेला नाही.

सहा वर्षांत तिचं नाक पसरलं, जबडा पुढे आला, चपलांचा नंबर दोनदा वाढला. आणि आमचे नेहमीचे डॉक्टर काय म्हणायचे? "चाळिशीनंतर बायका सुटतातच. कमी खा, चाला." डोकं ठणकतं म्हणाली, तर "नवरा गेलाय, मनाला लावून घेऊ नका." बिचारी अर्धपोटी चालत राहिली. त्या गृहस्थांनी तिचा हात एकदाही नीट पाहिला नाही.

मी पाहत होते. जन्मभर मी हातमोजे बेतले. दर थंडीआधी छोटीचा पंजा कागदावर ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, तारीख घालायची आणि तिच्यासाठी एक जोड शिवायचा, हा आमचा शिरस्ता. एका वर्षी रेघ जुन्या मापाच्या बाहेर गेली. बेतणाऱ्याला पहिली शंका पेन्सिलीची येते; तिरकी धरली की रेघ फुगते. मी कारागिरीच्या तोऱ्यात आतून दुसरी रेघ मारली आणि जुन्याच मापाने कातडं कापलं. पुढच्या वर्षीही तेच. ती ओढूनताणून मोजे चढवायची आणि वर मलाच चिडवायची, "ताई, कातडं आटलं गं तुझं!"

सर्जननी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिथे बोराएवढी गाठ होती.

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी करायला लावलेल्या रक्ततपासणीत वाढीचं हार्मोन जास्त आहे हे कळलंच होतं. ते सोडणारी गाठ कुठे आणि केवढी, ते आता दिसलं. नाकातून शिरून काढू. पण ती डोळ्यांच्या नसांना दाबतेय. समोरचं दिसेल, पण कडेची गेलेली नजर परत येईलच असं नाही."

"आणि आधी कळलं असतं तर?"

"लहान असतानाच काढली असती. हात वाढतायत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी पिशवीतून सहा कागद काढून टेबलावर आपटले. प्रत्येकावर दोन रेघा. बाहेरची तिची, आतली माझी.

ते तारखा वाचत राहिले. "हे कुणाला दाखवले नाहीत?"

"मागितले कुणी?" मी तडकून म्हणाले. मग आपटलेले कागद सरळ करत म्हणाले, "मीही दाखवले नाहीत."

गाठ निघाली, छोटी वाचली. मी त्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन चारचौघांत जाब विचारला. "दुर्मीळ आजार हो, बाई," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या वर्षी थंडीआधी मी नेहमीसारखी तिच्या शेजारी बसले आणि कागद पुढे केला. छोटी समोर बघत वाट पाहत राहिली.

"आण ना कागद."

तो तिच्या कोपराशीच होता. मी उठले, खुर्ची फिरवून तिच्या समोर बसले. तिने पंजा टेकवला.

"पेन्सिल सरळ धर हं, ताई."

रेघ जिथे गेली, तिथेच मी कातडं कापलं.