जिन्यावरच्या निळ्या रेघा

आमचं कापायचं टेबल खाली आणि शिलाई मशिनी माडीवर. ज्याने कापड कापलं त्यानेच ते वर न्यायचं, हा नियम माझा. जिना अठरा पायऱ्यांचा.

सून मध्येच थांबायची. तिशीतली बाई, कठडा धरून उभी! मला ते नाटक वाटलं. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला ती थांबेल तिथे भिंतीवर मी कापडाच्या निळ्या खडूने रेघ मारायची आणि शेजारी महिना लिहायची. चौथीपर्यंतच शिकले, पण आकडे येतात.

"महाराणी आज कुठवर?"

"चौदा, आई," म्हणून ती हसायची. उलट बोलायला दम उरत नसे, हे मला कळलं नाही.

जवळच्या डॉक्टरांनी दमा म्हणून फवारा दिला. पुढे ती पाचव्याच पायरीवर बसली, ती उठेना. मोठ्या इस्पितळात सर्जनबाईंनी विचारलं, "त्रास कधीपासून?"

मुलगा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. नवरा म्हणून शून्य. मीच सांगितलं, दोन वर्षांपूर्वी सोळावी, मग चौदावी, नववी, आता पाचवी.

"इतकं नीट कोणी लिहून ठेवलं?"

"मीच. टोमणे मारायला."

बाईंनी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं. हृदयाची तपासणी लावली. डाव्या वरच्या कप्प्यात जन्मापासून एक जादा पडदा निघाला. लाखात एखाद्याला असतो म्हणे. फुफ्फुसातलं रक्त त्यातल्या बारीक भोकातून कसंबसं पुढे जात होतं.

"म्हणजे अस्तर नको तिथे शिवलंय," मी म्हटलं.

"तसंच. हृदय थांबवून, तिला मशीनवर ठेवून, ते अस्तर कापून काढायचं. धोका आहे."

आत नेताना सून म्हणाली, "आई, परत नाही आले तर रेघा पुसून टाका."

"तू येऊन पूस. मी काय तुझी मोलकरीण आहे?"

चार तास मी बाकावर शर्टांची काजं करत बसले. अकरा झाली, त्यातली तीन उसवावी लागली. माझं काज आजवर उसवलं नव्हतं.

पडदा निघाला. तीन महिन्यांनी सून जिना चढली, न थांबता. मी मागून. दहाव्या पायरीवर गुडघ्यांनी दगा दिला, मी कठडा धरला.

वरून आवाज आला, "आई, खडू आणू का?"

रेघा तिने पुसल्या नाहीतच. दहाव्या पायरीशी एक वाढली, तेवढंच.