लेकाचं माप

"बाई, एक काय ते सांगा. मुलगा आहे की नाही?" निर्वासितांच्या छावणीतल्या कारकुनाने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

शिवणकाम करणाऱ्या बाई दोन्हींकडे बघत राहिल्या. पहिला त्यांचाच जबाब होता: सीमा ओलांडताना सात वर्षांचा मुलगा नदीत वाहून गेला. दुसरं शिफारसपत्र, एका कॉलेजातल्या मुलीने मायेने लिहिलेलं: यांचा मुलगा दूर शहरात शिकतो, मायलेकांना एकत्र घर मिळावं.

"नाही," बाई म्हणाल्या. "चुकलं माझं."

ती मुलगी त्यांची भाषा शिकत होती आणि दर मंगळवारी व्हिडिओ कॉलवर तासभर बोलायची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, मुलंबाळं किती? वीस वर्षांची, अडखळत बोलणारी पोर. तिच्यापुढे पहिल्याच धड्याला मढं कुठे ठेवायचं? बाई बोलून गेल्या, आहे एक, शिकतोय. तोंडातून गेलेला शब्द काही मागे येत नाही. मग त्याला परीक्षा आल्या, मिसरूड फुटलं. सांगताना बाईंना बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याची लाजही वाटायची.

"तिच्याकडून खरं ते लिहून आणा," कारकून म्हणाला. "घरांची यादी शुक्रवारी बंद होते. नाहीतर दहा वर्षं थांबलात ती पाण्यात गेली समजा. माझ्या हातात काही नाही."

त्याच दुपारी कॉल होता. खुर्चीत बसेपर्यंत बाई एकच वाक्य घोकत होत्या. पडद्यावर मुलगी आली ती हसतच, आणि तिच्यामागे तिची आई वही-पेन घेऊन उभी.

"पोरी, मला जरा सांगायचंय..."

"आधी माझं ऐका ना, मावशी. घर मिळणार आता तुम्हाला. आईने कापड आणलंय, तुमच्या लेकाला कोट शिवतेय. तुम्ही भेटाल तेव्हा त्याला घाला."

"दुकानातला कोट अंगाला बसत नाही हो," आई म्हणाली, आणि मुलीने ते बाईंच्या भाषेत सांगितलं. "तुम्ही स्वतः शिवता, तुम्हाला काय सांगायचं. माप तेवढं द्या, ताई."

बाईंना शुक्रवार आठवला. दोघी मायलेकी पेन उघडून वाट बघत होत्या. बाईंनी डोळे मिटले. सात आणि दहा, सतरा. अंगकाठी बापाची असती.

"छाती छत्तीस," त्या म्हणाल्या. "खांदा सतरा. बाही थोडी लांबच ठेवा, अजून वाढतोय."