कोपऱ्याची कमान

मी सूर्यभान, गवंडी. बोरीच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या मारुतीच्या मंदिराचा घुमट मी बांधला अन् मीच त्याच्या मुळावर उठलो. लोक म्हणतात सूर्यभान लय तोंडाळ हाय. असंल. पण ज्या दिवशी तोंड उघडायचं त्याच दिवशी मी गप बसलो.

आधी घुमटाचं ऐका, न्हाईतर तुमीबी 'एवढ्यानं काय व्हतंय' म्हणाल. खोली चौकोनी अन् घुमट गोल. चौकोनी खोक्यावर गोल टोपलं पालथं घालून बगा. टोपलं चार बाजूंना टेकतं, पण चारी कोपऱ्यांत खाली निस्ती पोकळी. म्हून कोपऱ्यात तिरपी कमान घालावी लागती, ह्या भिंतीवरनं त्या भिंतीवर. कोपऱ्यातला सगळा भार तिच्या डोक्यावर. गाव तिला नक्षी समजतं. आरं, नक्षी गेली तर डोळ्याला वंगाळ दिसतं, ही गेली तर खालचं माणूस जातं!

घुमट झाला अन् नावांची जत्रा सुरू झाली. आमच्याकडं माणूस देवाला पंखा देतो तर तिन्ही पात्यांवर नाव घालतो. चारी भिंती देणगीदारांच्या संगमरवरी पाट्यांनी भरल्या. मधोमध दिनकररावाची, दाराएवढी. तेच मंदिराच्या कमिटीचे अध्यक्ष, कोण बोलणार?

कडूबाई सगळ्यांत शेवटी आली. तिचा नवरा राधाकिशन ऊसतोडीला गेला अन् कारखान्याच्या वाटंवर ट्रॉली उलटून मेला. तिकडंच अग्नी दिला. त्याच्या नावानं ह्या बाईनं आख्खा उन्हाळा घुमटाला फुकट विटा वाहिल्या, माझ्या हाताखाली. अन् परभणीहून हातभर पाटी कोरून आणली, 'कै. राधाकिशन' एवढीच. दिनकरराव म्हणले, "आता कुठं जागा हाय बाई? आधी नसतं का यायचं?" ती पाटी पदराखाली घेऊन मंडपातच बसून ऱ्हायली. मला ते बगवंना.

"वैनी, आणा इकडं," म्हणलं. शिडीवर चढलो, उगवतीकडच्या कोपऱ्यातल्या कमानीत छिन्नीनं खोल खाच पाडली अन् पाटी आत ठोकून बसवली. मला कळत व्हतं. कमानीतली एक वीट हालवू न्हाई, हे गवंड्याच्या पोराला बी ठावं असतं. पण एवढ्यानं काय व्हतंय, म्हणलं.

आठ महिने गेले. कडूबाई रोज दिवेलागणीला त्या कोपऱ्याखाली येऊन बसायची अन् वर बगायची. बाकी बाया हसायच्या, मी मनात खूश व्हायचो. मग सप्ताह चार दिवसांवर आला. भोंगा बांधाया शिडीवर चढलो अन् बगतो तर पाटीच्या वरनं तडा गेलेला, थेट घुमटात. माझी करंगळी आत गेली. सप्त्याला ह्याच्याखाली दोनशे बाया बसणार व्हत्या.

तसाच दिनकररावाकडं गेलो. सगळं कबूल केलं. "कडूबाईची पाटी काढावी लागंल. तिला भिंतीवर जागा द्या, तुमची हातभर सरकवा."

"माझी सरकवू?" ते म्हणले. "घाण तुझी, निस्तर तूच. तिची काढ अन् विषय मिटव."

तळपायाची आग मस्तकाला गेली. पण बोलू कुठल्या तोंडानं? घाण माझीच व्हती.

कडूबाई अंगणात ज्वारी निवडायली व्हती. उभ्या उभ्याच सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"पाटी बसवली तवा ठावं व्हतं तुमाला, भावजी?"

"व्हतं."

"मग न्हाई का म्हणला न्हाईत?"

"तुमचं तोंड बगवंना, वैनी."

"सगळ्या गावानं न्हाई म्हणलं, त्यात तुमचं एक. सोसलं असतं मी. पण माझ्या माणसाच्या नावाखाली कुणाची लेक मेली असती, मंग?"

बाईमाणसाच्या देखत रडलो मी, सांगायला लाज न्हाई. ती पदर खोचून उठली. "चला. रडून कमान सांधत न्हाई."

लोखंडी टेकू लावले, वर फळ्या ठोकल्या, कमान उचलून धरली. मग पाटी ओढली. तिचे दोन तुकडे निघाले. नावाच्या बरोबर मधनं चिरलेली. दोन बोटं जाडीची फरशी ती, कमानीनं मान टाकल्यावर कोपऱ्याचा सगळा भार तिच्यावर आला व्हता. तुकडे कडूबाईच्या हातात देताना मी तसं सांगितलं.

"म्हंजे घुमट ह्येंच्यावर व्हता?" तिनं इचारलं.

"व्हय. खाच मी पाडली अन् भार ह्येंनी घेतला. न्हाईतर कवाच खाली आला असता."

ती तुकड्यांवरची धूळ पदरानं पुसायला लागली. तेवढ्यात दिनकरराव कमिटीची माणसं घेऊन आले. टेकू बगितले, तुकडे बगितले. "झालं का काम? ते दगड तेवढे बाहेर टाका. सप्त्याला अडगळ नको."

कडूबाईनं कधी त्यांच्याकडं मान वर करून बगितलं नव्हतं. त्या दिवशी बगितलं. आधी त्यांच्याकडं, मग भिंतीवरच्या दाराएवढ्या पाटीकडं.

"मालक," ती म्हणली, "तुमची पाटी काढून बगा एकडाव. काय पडतंय का?"