नशिराबादला उतरलेली चौथी फ्लॉपी

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. न वाटो. एकतीस वर्षं मी रावेरच्या केळी सोसायटीत आवक-जावकचं टेबल सांभाळलं. खऱ्या गोष्टी लिहून लिहून माझं बोट वाकडं झालं. ही एवढी एकच गोष्ट कुठल्या रजिस्टरात नाही, म्हणून सांगतो.

परवा झुलालच्या चहाच्या टपरीवर हीच सांगत होतो. निमित्त पेपरातल्या बातमीचं. दोन हजार साल लागलं की जगातले झाडून सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, असं छापून आलं होतं. झुलालने त्या पेपरात भजी बांधायच्या आधी बातमी मोठ्याने वाचली आणि विचारलं, "काहो नाना, खरं हाये का हे?"

"जगाचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "आपल्या सोसायटीचा मात्र ब्याण्णव सालीच अडून बसला होता. मी नशिराबादला गेलो म्हणून चालू झाला."

"घ्या," झुलाल म्हणाला. "सुटली नानाची गाडी."

बाकावर मंदाबाई बसली होती, भुसावळच्या बसची वाट बघत. मंदाबाई म्हणजे सोसायटीची कॉम्प्युटरवाली. पहिली तीच आणि आजही तीच. मी निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, ती अजून त्या खोलीत आहे.

"विचार हिला," मी म्हटलं. "ही तिथेच होती."

मंदाबाईने पिशवी मांडीवर ओढून घेतली. "सांगा नाना. बसला वेळ आहे."

तर ब्याण्णवचा मे. ऊन असं, की झाडाखालची सावलीसुद्धा दुपारी उठून विहिरीत जाऊन बसायची. अख्ख्या रावेरात गार अशी एकच जागा, सोसायटीतली कॉम्प्युटरची खोली. बाहेर चपला काढायच्या, पाय पुसायचे, मग आत. आमचे चेअरमन जीवरामभाऊ रोज दोन तास तिथे बसून पेपर वाचायचे. कॉम्प्युटरवर लक्ष ठेवतो म्हणायचे.

त्या यंत्राचं काम एवढंच, की दर शनिवारी पाळीची यादी काढायची. कोणाच्या मळ्यातली केळी कोणत्या वारी कापायची, ट्रक कुठल्या बांधावर लावायचा. पण त्यातल्या प्रोग्रामात नावं मावायची पाचशे. त्या वर्षी सभासद झाले सहाशे बारा. पाचशे एकावा झिपरू. त्याचं नाव घातलं की यंत्र नुसतं टुक करायचं. झिपरूच्या बागेत घड पिकून पिवळे झाले, त्यावर वटवाघळं जेवून गेली, तरी त्याची पाळी येईना. झिपरू रोज सकाळी ऑफिसात येऊन उभा. त्याच्यामागे आणखी एकशे अकरा जण.

यावर इलाज होता. प्रोग्रामची नवी आवृत्ती निघाली होती, तिच्यात दोन हजार नावं मावत. ती द्यायची धुळ्याच्या छगनने. तिथल्या देवपुरात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. त्याने सात फ्लॉप्या भरल्या, पुठ्ठ्याच्या पाकिटात घातल्या आणि धुळे-रावेर एसटीच्या कंडक्टरच्या हातात दिल्या. त्या वेळची फ्लॉपी म्हणजे वीतभर काळी चौकट. हातात धरली की पापडासारखी लवायची.

पाकीट माझ्या टेबलावर आलं. येणारच. सोसायटीत आलेली वस्तू आधी माझ्याकडे येते, तिची आवक होते, मग पुढे जाते. माझा शिक्का पितळी होता, गोल, बाभळीच्या मुठीचा. सगळे कारकून वरच्या पानावर शिक्का मारतात. मी कधीच मारला नाही. वरचं पान तसंच ठेवून कोणी आतली पानं बदलली, तर काय कराल? म्हणून मी मधलं पान बाहेर काढायचो, टेबलावर ठेवायचो आणि त्यावर मारायचो. असा, की पलीकडच्या खोलीत जीवरामभाऊंना कळायचं, टपाल आलं. माझ्या टेबलाच्या लाकडात अजून ती वर्तुळं आहेत, जाऊन बघा.

"शिक्क्याचं राहू द्या नाना," झुलाल म्हणाला. "फ्लॉपीचं सांगा."

तेच सांगतो आहे. मंदाबाईने पहिली फ्लॉपी घातली, यंत्राने घेतली. दुसरी घेतली. तिसरी घेतली. चौथी घातल्यावर आतून खर्र, खर्र असा आवाज, आणि पडद्यावर तीन शब्द: अबॉर्ट, रिट्राय, फेल. म्हणजे सोडून देता, परत बघता, की हरलो म्हणता. मंदाबाईने परत बघितलं. वीस वेळा बघितलं. यंत्र खर्र करायचं आणि तेच तीन शब्द पुढे करायचं.

समोरच्या बूथवरून छगनला फोन लावला. मंदाबाई बोलत होती, मी शेजारी उभा. छगनचा आवाज बूथच्या काचेतून बाहेर जायचा.

"ताई, आठे तर बठ्ठ्या चालतस! मी सोता पाह्यात. तठेच काय व्हस?"

"तिकडे सगळ्या चालत असतील, इथे चौथी वाचत नाही हो."

"डोकं पुसा. मशीनचं डोकं, तुमचं नही. स्पिरिट लावा."

स्पिरिट लावलं. चौथी अडली. गार हवा बंद करून बघितलं. जीवरामभाऊ उठून घरी गेले, पण चौथी अडलीच. वायर दुसऱ्या पिनेत घातली, व्होल्टेजचा डबा बदलला, फ्लॉपीला पदराने वारा घातला. सगळं करून झाल्यावर छगनने दुसरा संच पाठवला. त्याची आवक केली, आत दिला. एक, दोन, तीन, खर्र.

तिसरा संच बुधवारी आला. त्याचीही चौथीच.

बुधवारी संध्याकाळी जीवरामभाऊ खोलीत आले. पेपर नव्हता हातात.

"मंदाबाई," ते म्हणाले, "शनवारी सहाशे बारा नावाची यादी पाह्यजे. नाही तं हे डबडं धुळ्याले वापस. पहिलेसारखं हातानं लिहू. अन् मंग तुम्हाले तरी कसाले ठेवायचं?"

 मंदाबाईची नेमणूक तात्पुरती होती. नवरा गेलेला, मुलगी जळगावला शिकायला. तिने तिन्ही संच टेबलावर ओळीने मांडले आणि बघत बसली. खरं की नाही मंदाबाई?

"खरं," मंदाबाई म्हणाली. "मांडले होते."

बघा. तर मी विचार केला. छगनकडे सातही चालतात, रावेरला सहाच चालतात. म्हणजे जे काही होतं ते वाटेत होतं. धुळ्याहून एसटी निघते, जळगाव करते आणि पुढे थांबते कुठे? नशिराबादला. तिथे ड्रायव्हर-कंडक्टर चहा पितात. प्रवासी उतरतात, पाय मोकळे करतात. आता धुळ्यापासून मे महिन्यात पत्र्याच्या गाडीत उभं राहून आलं, तर कोण उतरणार नाही? मी म्हटलं, फ्लॉपी बसमध्येच राहते, पण तिच्यातला माल नशिराबादला उतरतो, आणि चहाच्या गर्दीत त्याची गाडी चुकते.

"तिन्ही वेळा चौथीचाच?" झुलालने विचारलं.

एखाद्याला सवय असते. मी गुरुवारी सकाळच्या गाडीने नशिराबाद गाठलं. फाट्यावर युसूफभाईचं हॉटेल होतं आणि हॉटेलाबाहेर वजनाचं यंत्र. लाल-पिवळे दिवे फिरणारं, नाणं टाकलं की तिकीट येतं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. त्या यंत्राभोवती ही गर्दी! युसूफभाई कपाळाला हात लावून बसलेले.

"क्या बताऊं नाना," ते म्हणाले, "आठ दिवस झाले, मशीनला वेड लागलंय. वजन देतच नाही."

मी तिकिटं बघितली. पहिल्यावर: झिपरू, घड चाळीस, शुक्रवार. दुसऱ्यावर: ट्रक उत्तरेच्या बांधावर लावणे. गावातला एक जाडजूड सरकीवाला त्यावर उभा राहिला होता, त्याला तिकीट आलं: माल तयार, शुक्रवारी सकाळी कापणी. तो जो घरात शिरला, तो शनिवारपर्यंत कडी लावून बसला. बायको खिडकीतून भाकरी द्यायची.

"घरातल्या घरात खिडकीतून?" झुलाल म्हणाला.

आतल्या खिडकीतून. तू मधे बोलू नकोस. मी ओळखलं, आपली चौथी इथे आहे. एकदा नव्हे, तीनदा उतरलेली. मी सोबत रिकामी झालेली फ्लॉपी नेली होतीच. ती तिकिटाच्या फटीशी धरली, नाणं टाकलं आणि हळूच म्हटलं, "चला, रावेर." दिवे गरगर फिरले. फ्लॉपी हातात जड झाली, पिकल्या घडासारखी. लगेच युसूफभाई यंत्रावर उभे राहिले. बरोबर वजन आलं. भविष्यही चांगलं आलं.

आता परतीचा प्रश्न. वाटेत भुसावळ आहे, सावदा आहे. पुन्हा उतरली तर? मी दोन तिकिटं काढली. एक माझं पूर्ण, एक तिचं अर्धं. कंडक्टर म्हणाला, "लहान मूल कुठंय?" मी फ्लॉपी दाखवली. तो म्हणाला, "ही तीन वर्षांच्या आतली दिसते, हिला तिकीट लागत नाही." माणूस नियमाचा होता. मी तिला खिडकीपाशी बसवलं, स्वतः कडेला बसलो. भुसावळला चहावाला आला तेव्हा तिचे कान झाकले.

"फ्लॉपीचे कान," झुलाल टपरीतल्या लोकांना म्हणाला.

शुक्रवारी अकरा वाजता मी ती मंदाबाईच्या हातात दिली. एक, दोन, तीन घेतल्या. चौथी घातली. यंत्राने खर्र केलं नाही, की खुर्र केलं नाही. पाच, सहा, सात. पडद्यावर सहाशे बारा नावं, झिपरूचं सगळ्यांत वर. जीवरामभाऊंनी पेढे मागवले. दुसऱ्या महिन्यात मंदाबाईचं नाव कायमच्या यादीत लागलं. ही माझ्या पाया पडली, म्हणाली, नाना, तुमच्यामुळे माझी नोकरी वाचली. खोटं वाटत असेल तर ती समोर बसली आहे. सांग गं मंदाबाई.

टपरीतले सगळे मंदाबाईकडे वळले. बस समोर येऊन लागली होती, तरी ती उठली नाही.

"यंत्र शुक्रवारी अकरा वाजता चालू झालं, हे खरं," ती म्हणाली. "पेढेही खरे. जीवरामभाऊंनी मला दोन दिले."

"बघा!" मी म्हटलं.

"पण बुधवारी मी तिन्ही संच मांडले, तेव्हा काय दिसलं ते नानांच्या गोष्टीत राहिलं. सातांतली मधली कितवी येते झुलालभाऊ?"

झुलालने बोटं मोजली. "चौथी."

"तिन्ही संचांच्या चौथीवर, पांढऱ्या चिठ्ठीवर, जांभळा गोल शिक्का होता. फ्लॉपी ट्यूबलाइटसमोर धरली की आतल्या तबकडीवर गोल खड्डा पडलेला दिसायचा. मी गुरुवारी छगनभाऊंना फोन करून चौथा संच मागवला आणि शुक्रवारी सकाळी स्वतः स्टँडवर जाऊन कंडक्टरच्या हातून घेतला. पदराखाली धरून मागच्या दाराने आत आणला. त्याची आवक झाली नाही, म्हणून तो चालला."

झुलाल भज्यांचा झारा तसाच हातात धरून माझ्याकडे बघत होता.

"मग तेव्हा का नाही सांगितलं?" मी विचारलं. माझा आवाज थोडा बारीक आला असेल.

"तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती नाना. जीवरामभाऊंनी तुम्हाला घरी बसवलं असतं." कंडक्टरने घंटी दिली, तशी ती पिशवी उचलून उठली. बसच्या पायरीवर एक पाय ठेवून ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि नशिराबादला कधी गेलात हो तुम्ही? तो अख्खा गुरुवार तर तुम्ही शिक्का हातात घेऊन माझ्या दारात उभे होतात, पार्सल आलं का, आवक करायची आहे म्हणून!"