दीनाचा दुसरा घोट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

परदेशीपुऱ्यातल्या भाऊराव मिस्त्रींनी मला घडवलं. गिरणी बंद पडल्यावर ते घराच्या ओट्यावरच सुतारकाम करत. मल्हारगंजच्या एका बालगृहासाठी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना माझं चित्र काढून दिलं होतं. उंच पाठ, दोन्ही बाजूंना आधार, पायांखाली पाट, समोर फळी आणि कमरेला पट्टा. ज्या मुलांना आपलं आपण बसता येत नाही, त्यांच्यासाठी मी. भाऊरावांनी माझ्या कडा इतक्या घासल्या, की कुठं कुसळ म्हणून राहिलं नाही.

पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. पाहुणे यायचे, केळी वाटायचे, माझ्यात बसलेल्या मुलाशेजारी उभं राहून फोटो काढायचे. "हम फिर आएँगे," म्हणायचे आणि परत कुणी यायचं नाही. तेव्हापासून गोड बोलणारा माणूस दिसला की मी सावध होते. हळूहळू माझं पॉलिश उडालं. पट्ट्याचं बक्कल गंजून घट्ट झालं. त्याला तेल घालायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

मग माझ्यात दीना बसू लागली. तिला कुणीतरी दवाखान्याच्या पायरीवर सोडलं होतं. आईबापांचा शोध घेतला, पण कुणी सापडलं नाही. तिचे हातपाय ताठ असत, बोलणं नव्हतं. महूहून आलेल्या गयाबाई तिला सांभाळत. धम्मदीना हे नावही त्यांनीच ठेवलेलं. दीना एका घासाला दोनदा गिळायची. पहिला घोट फसवा, दुसरा खरा. दुसरा होईपर्यंत थांबायचं, हे फक्त गयाबाईंना ठाऊक होतं. आणि मला.

दीना पाच वर्षांची झाली, तेव्हा बालगृहाच्या प्रमुख शोभनाताईंनी सांगितलं, "बेल्जियमचं एक जोडपं हिला दत्तक घेतंय. मार्लेन आणि योरिस. मंजुरी आलीये."

दीनाला भरवता भरवता गयाबाईंचा हात थांबला. "ताई, मला तर काही ठीक नाही वाटत. धावणारी, बोलणारी लेकरं सोडून यांना हीच का पाहिजे? कुछ तो गड़बड़ आहे."

"सगळी चौकशी झालीये, गयाबाई."

"कागदांची झाली असेल. माणसांची कुणी केली?"

खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं.

ते दोघे आले. पलासियाच्या हॉटेलात उतरले आणि रोज सकाळी बालगृहात येऊ लागले. मार्लेन सारखी वहीत काहीतरी लिहायची. योरिसनं तर टेप काढून माझी पाठ, माझा पाट, सगळं मोजलं. गयाबाई दारात हाताची घडी घालून उभ्या. "बाजारात गाय बघावी तसं बघतायत," त्या पुटपुटल्या.

मार्लेन दीनाला दलिया भरवू लागली. पहिला घोट झाला की ती लगेच दुसरा चमचा पुढं करायची. दीना खोकायची, दलिया बाहेर यायचा. गयाबाई बघत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी खोकला आलाच नाही. दीनाचा आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले. मार्लेन ओरडली. गयाबाई धावल्या, पण माझं बक्कल सुटेना. मित्रांनो, तेव्हा मला माझीच जी लाज वाटली, ती मी विसरू शकत नाही. गयाबाईंनी दोन्ही हातांनी हिसडा देऊन पट्टा तोडला, दीनाला आपल्या हातावर पालथं घेतलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. एक, दोन, तीन. घास बाहेर पडला आणि दीनानं टाहो फोडला. दवाखान्यातून डॉक्टर येऊन तिला तपासून गेले, तेव्हा कुठं सगळे खाली बसले.

"हिला भरवायचं कसं, ते तुम्ही यांना सांगितलं नव्हतंत?" शोभनाताईंनी विचारलं.

"नाही सांगितलं." गयाबाई म्हणाल्या. "वाटलं, जमलं नाही तर परत जातील. लेकरू मरायला टेकेल असं नव्हतं वाटलं, ताई. यांना सांगा. सगळं सांगा."

शोभनाताईंनी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. योरिस रागानं उठून अंगणात निघून गेला. मार्लेन मात्र फरशीवरच बसून राहिली. मग हळू आवाजात बोलू लागली आणि शोभनाताई मराठीत सांगत गेल्या.

"ती म्हणतेय, आम्हीही तुमच्यावर संशय घेत होतो. दीनाच्या आजाराचं तुम्ही काहीतरी लपवताय असं वाटायचं. म्हणून ती सगळं वहीत लिहायची. आणि योरिसनं खुर्ची मोजली, ती घरी अगदी तशीच करून घ्यायला. ती म्हणतेय, मला शिकवा. मला येईपर्यंत आम्ही दीनाला नेणार नाही."

गयाबाईंनी डोळे पुसले, पण प्रश्न सोडला नाही. "हीच का, ते विचारा."

"फायली पुष्कळ पाहिल्या म्हणतेय. सगळ्यांत आजारच आजार. हिच्या फाईलमध्ये एक ओळ होती, कुकरची शिट्टी झाली की ही खदखदून हसते." शोभनाताई गयाबाईंकडे वळल्या. "गयाबाई, ती ओळ तुम्हीच मला लिहायला लावली होतीत."

 गयाबाईंनी मार्लेनचा हात धरला आणि दीनाच्या गळ्यावर ठेवला. "ये देखो. एक. अभी रुको. हां, दो. अब अगला चमचा दो."

योरिस दुपारी परतला, तो तेलाची बाटली आणि नवा पट्टा घेऊन. गयाबाईंशी त्या दिवशी बोलला नाही. शिकायला मात्र दुसऱ्या दिवसापासून तोही बसला. दोघांनी नऊ दिवस घेतले. दहाव्या दिवशी गयाबाईंनी मान हलवली, "अब ले जाओ."

निघताना दीना रडेल म्हणून त्या मन घट्ट करून उभ्या होत्या. पण गाडीचा हॉर्न वाजला आणि दीनाला हसू फुटलं. गयाबाईंना वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. संशय त्यांनी पुरता सोडलेला नाही. तिकडून दीनाचा अहवाल आला की शोभनाताईंकडून तो दोनदा वाचून घेतात आणि उलट चार प्रश्न पाठवतात.

आता माझ्यात अंकुर बसतो, तीन वर्षांचा. परवा गयाबाईंनी नव्या मावशीला, शांताला, माझ्यासमोर बसवलं. "हा डावीकडून घास घेत नाही. हात लावायच्या आधी नाव घे, नाहीतर दचकतो. लक्षात ठेव, माझा काय भरोसा?"

मित्रांनो, जे मूल स्वतः बोलू शकत नाही, त्याच्यासाठी कुणीतरी संशय घ्यायलाच हवा. जरूर घ्या, तोंडावर विचारा, भांडा. पण त्याच्या जिवाला जे लागतं, ते पोटात ठेवू नका. आणि माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या घरात कुणाला आधार देत असेल, तर आज जरा तिचा पट्टा सोडून बघा.